फायरवायर मागे का पडली?

मंडळी, लग्नाची शूटिंग करणारं कुणी समोर बसलं असेल तर त्यांना मिनीडीव्हीच्या, म्हणजे छोट्या डिजिटल कॅसेटच्या काळातलं फायरवायर कार्ड नक्की आठवेल. फायरवायर म्हणजे कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायची वायर. तासाभराची कॅसेट कॅप्चर व्हायला, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरायला, तासच लागायचा आणि हार्ड डिस्कवरची 13 जीबी जागा जायची. त्या तासात प्रवाह क्षणभर जरी तुटला तरी फ्रेम गळायच्या. फायरवायर तो तुटू देत नसे, कारण व्हिडिओसाठी ठरावीक वेळ ती आधीच राखून ठेवायची.

ॲपल, सोनी वगैरेंच्या कामातून 1995 साली आयट्रिपलई 1394 हे मानक आलं, तीच फायरवायर. वेग सेकंदाला 400 मेगाबिटपर्यंत. पुढच्याच वर्षी इंटेल आणि मंडळींची यूएसबी आली, 12 मेगाबिटची. म्हणजे स्पर्धा नव्हतीच. यूएसबी माऊस-कीबोर्डसाठी, फायरवायर कॅमेरा आणि डिस्कसाठी.

मग 2000 साली यूएसबी 2.0 आली आणि खोक्यावर 480 हा आकडा छापला गेला. दुकानात 400पुढे 480 जिंकणारच. पण तोच डेटा दोन्हीकडून कॉपी करून बघा, बहुतेक वेळा फायरवायर आधी मोकळी व्हायची. का? यूएसबीत उपकरणाला आपणहून बोलायची मुभाच नाही. वर्गात मास्तर हजेरी घेतात तसा कॉम्प्युटर एकेकाला विचारत फिरतो: तुझं काही आहे का? तुझं? माऊस हलवला तरी त्याने पाळी येईपर्यंत गप्प बसायचं. या विचारपुशीतच बराच वेळ जातो, आणि त्याचा भार कॉम्प्युटरवर. फायरवायरची उपकरणं मात्र आपसात थेट बोलतात. मध्ये कॉम्प्युटर नसला तरी दोन कॅमेरे एकमेकांना जोडून कॅसेटची कॉपी काढता यायची.

आता गंमत बघा. यूएसबीची ही जी उणीव, तिनेच तिला तारलं. अक्कल सगळी कॉम्प्युटरकडे, त्यामुळे माऊसमध्ये एखादी किरकोळ चिप पुरायची. फायरवायरची हुशारी प्रत्येक उपकरणात बसवावी लागे, ती महाग. त्यात ॲपलने सुरुवातीला पोर्टमागे एक डॉलर रॉयल्टी मागितली. पुढे पेटंटधारकांनी मिळून ती प्रत्येक यंत्रामागे 25 सेंटवर आणली, पण तोवर उत्पादक बिथरले होते. माझ्या मते तांत्रिक बाजूपेक्षा हा हिशेबच महागात पडला. इंटेलने यूएसबी 2.0 स्वतःच्या चिपसेटमध्येच, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डावरच्या चिपांमध्येच घातली. ग्राहकाला वेगळं कार्ड घ्यायचीही गरज उरली नाही.

ॲपलच्या आयपॉडचं, त्या खिशातल्या म्युझिक प्लेयरचं उदाहरण घ्या. 2001 साली तो निघाला तेव्हा फक्त फायरवायरवर चालायचा. विंडोजवाल्यांच्या बहुतेक यंत्रांना ते पोर्टच नव्हतं. 2003 साली यूएसबीची सोय झाली आणि 2005 नंतरच्या नव्या आयपॉडवर फायरवायरने गाणी भरता येईनाशी झाली. स्टुडिओतली मंडळी तिला धरून राहिली. मग कॅमेऱ्यातली कॅसेट गेली, मेमरी कार्ड आलं, आणि त्यांनाही ती वायर लागेनाशी झाली.