टिनटिनचा चांग खराखुरा होता

नमस्कार मंडळी! आज टिनटिनवाल्या हर्जेंबद्दल बोलूया, म्हणजे टिनटिन नावाच्या तरुण बातमीदाराची कॉमिक्स काढणारे. खरं नाव जॉर्ज रेमी, ब्रसेल्सचा माणूस, जन्म १९०७चा. १० जानेवारी १९२९ला एका पेपरच्या मुलांच्या पुरवणीत टिनटिन सुरू केला, गोष्ट पण स्वतःची आणि चित्रं पण स्वतःचीच. रेष एकदम स्वच्छ, सावल्या जवळपास नाहीतच. नाहीतर हल्लीची कॉमिक्स, इतके इफेक्ट्स मारतात की कोण कुणाला बडवतंय तेच कळत नाही, जाऊ दे.

मला सांगायचाय तो चांगचा किस्सा. १९३४ साली हर्जेंनी ठरवलं, टिनटिनला चीनला पाठवायचं. पण चीनबद्दल माहिती काय, तर सगळी ऐकीव. टिनटिनच्या आधीच्या, आफ्रिकेतल्या काँगोच्या पुस्तकात तिथल्या लोकांना इतकं बावळट दाखवलंय की आज वाचवत नाही. तर चिनी विद्यार्थ्यांमध्ये काम करणाऱ्या एका पाद्र्यांनी पत्र लिहिलं की बाबा रे, आधी नीट माहिती काढ! त्यातून ओळख झाली चांग चोंग-जेनची. ब्रसेल्सच्या आर्ट अकॅडमीत शिल्पकला शिकणारा मुलगा, जन्म त्याचाही १९०७चाच. रविवारी हा हर्जेंकडे यायचा, ब्रश कसा चालवायचा ते दाखवायचा, जपानने चीनमध्ये काय चालवलंय ते सांगायचा.

आणि गंमत ऐका, 'द ब्लू लोटस' या चीनवाल्या पुस्तकातल्या भिंतींवरचं चिनी लिखाण या चांगच्या मदतीने झालंय. बेल्जियमच्या पोरांना ती नुसती नक्षी, पण तिथे लिहिलंय काय, तर 'जपानी मालावर बहिष्कार टाका'! परत सांगतो, मुलांच्या कॉमिकमध्ये बहिष्काराची घोषणा!! जपानी वकिलातीने तक्रारसुद्धा केली. त्याच पुस्तकात टिनटिन पुरातून एका मुलाला वाचवतो, त्याचं नाव चांग, आणि तो विचारतो, मला का वाचवलंस, मला वाटायचं गोरे सगळे दुष्ट असतात. मग टिनटिन गोऱ्यांच्या चीनबद्दलच्या खुळ्या कल्पना सांगतो आणि दोघं खो खो हसतात.

१९३५ला चांग मायदेशी गेला, पुढे युद्ध वगैरे, संपर्कच तुटला. हर्जेंनी मग 'टिनटिन इन टिबेट' काढलं, त्यात अख्खी गोष्ट हरवलेल्या चांगला शोधायची, व्हिलन औषधालाही नाही. माझ्या मते तेच त्यांचं सगळ्यात भारी पुस्तक, दिल्लीच्या रस्त्यातली गाय पण आहे त्यात, टिनटिनचा दोस्त कॅप्टन हॅडॉक, त्याची काय फजिती होते बघा.

खरा चांग सापडला, भेट झाली १९८१ला, ब्रसेल्समध्ये, टीव्हीवाल्यांच्या गर्दीत. दोनच वर्षांनी हर्जे गेले. चांग नंतर फ्रान्सला राहिले, आणि तिथल्या अँगुलेम गावात हर्जेंचा पुतळा आहे ना, तो त्यांनीच घडवलेला.