रोजची भाकर, रोजच्यापुरती

प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांना, लिहिलेलं एक वचन पुष्कळ ख्रिस्ती घरांत भिंतीवर असतं: माझा देव तुमची सर्व गरज पुरवील. वचन मोठं धीराचं आहे, पण चौकटीत बसवताना आपण त्याच्या मागचंपुढचं कापून टाकतो. पौल हे बंदिवासातून लिहितोय. फिलिप्पैकरांनी एपफ्रदीताच्या हाती त्याला मदत धाडली, तिची ही पोच. ज्यांनी पदरमोड केली त्यांना तो म्हणतोय, तुमचंही अडणार नाही. आणि त्याच अध्यायात थोडं वर, आपण भूक सोसायलाही शिकलो, असं तो सांगून बसलाय.

आता बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा सोळावा अध्याय घ्या. इस्राएल लोकांना मिसरातून, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून, निघून जेमतेम महिना झालाय आणि कुरकुर सुरू झालीये. लोकांना तिथली मांसाची भांडी आठवतायत. सकाळी दव उडून गेलं तर जमिनीवर हिमकणांसारखं काहीतरी पडलेलं. ते एकमेकांना विचारतात, ‘मान हू?’ हे काय? त्यावरून मान्ना. देवाने दिलेल्या अन्नाचं नावच मुळी प्रश्नातून आलंय, मला ही गोष्ट फार आवडते.

माणशी एक ओमर वेचायचं, म्हणजे साधारण दोन लिटर. सकाळपर्यंत ठेवायचं नाही. काहींनी ठेवलंच, त्यात किडे पडले, घाण सुटली. मी त्यांना हसत नाही. काल उपाशी झोपलेल्या माणसाने मूठभर झाकून ठेवलं, तर तो लोभ नसतो, धास्ती असते. ही धास्ती एका प्रवचनाने जात नाही. त्यासाठी 40 वर्षं रोज सकाळी उठून वेचावं लागलं. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट वेचायचं, आणि शब्बाथासाठी, म्हणजे सातव्या, विसाव्याच्या दिवसासाठी, ठेवलेलं ते नासलं नाही. पदार्थ तोच. ‘चार पैसे बाजूला टाकणं म्हणजे अविश्वास का?’ असं कोणी विचारलं, की मी हा सहावा दिवस दाखवतो. योसेफाने तर मिसरात दुष्काळ येण्याआधी सात वर्षं कोठारं भरली होती.

‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ ही येशूने शिकवलेली प्रार्थना याच वाटेवरची. इथे ‘रोजची’साठी आलेला ग्रीक शब्द, एपिऊसिओस, इतका दुर्मीळ आहे की आजची भाकर की उद्याची, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. ‘आमची’बद्दल मात्र वाद नाही. ज्याने पुष्कळ वेचलं त्याचं उरलं नाही, ज्याने थोडं वेचलं त्याला कमी पडलं नाही, हे मान्नाविषयीचं वाक्य पौल करिंथकरांपुढे ठेवतो, तेही यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा करताना. रानात आकाशातून आलं ते आता करिंथकरांच्या हातून जायचं होतं.

एलीया संदेष्ट्याला दुष्काळात आधी कावळ्यांनी पोसलं, मग सारफथ गावच्या एका विधवेने. तिच्या मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडं तेल. दोन काटक्या वेचायच्या, भाकर करायची, मायलेकांनी खायची आणि मरायचं, असं ती सरळ सांगते. त्यावर संदेष्टा म्हणतो, आधी माझ्यासाठी एक लहान भाकर कर. इथे वाचणाऱ्याला राग येतो, मलाही येतो. पण पुढे वाचा. मडकं भरलं असं शास्त्र कुठेच म्हणत नाही. पीठ सरलं नाही, एवढंच म्हणतं. दर वेळी झाकण काढल्यावर तिला तळाशी बहुधा तेवढंच मूठभर दिसलं असेल, आणि तेवढंच काढून ती पुन्हा मळायला बसली असेल.