दहा मीटरवरचा ठिपका

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्यापैकी बहुतेकांची एअर गनशी पहिली भेट जत्रेत होते. फळीवर ओळीनं लावलेले फुगे, दस्त्याला चिकटपट्टी गुंडाळलेली छर्ऱ्याची बंदूक आणि मागून नेम सांगणारी मित्रमंडळी. पाच-सहा छर्रे उडवायचे, दोन-तीन फुगे फुटायचे, आणि त्यावरून आपला नेम चांगला की वाईट हे ठरवून पाळण्याकडे वळायचं. पुष्कळांची ओळख तिथंच संपते. मी अनेक वर्षं या बंदुका जमवतो, दुरुस्त करतो आणि कागदी टार्गेटवर चालवतो. त्या ओळखीच्या पुढे काय काय आहे, ते आज मला तुम्हाला सांगायचं आहे.

आधी त्या जत्रेतल्या बंदुकीबद्दलच बोलू. ती स्प्रिंगची बंदूक. नळी मधून मोडून खाली दाबली की आतली जाड स्प्रिंग आवळली जाते आणि तिच्या पुढचा पिस्टन मागे अडकून बसतो. छर्रा घालायचा, नळी सरळ करायची, घोडा दाबायचा. पिस्टन सुटतो, सिलिंडरमधली हवा क्षणात दाबली जाते आणि ती हवा छर्ऱ्याला नळीतून बाहेर ढकलते. दारू नाही, धूर नाही. पण एक अडचण आहे. जड पिस्टन पुढे धावतो तेव्हा बंदूक मागे सरकते. तो पुढे जाऊन थांबतो तेव्हा बंदूक पुढे झटका खाते. हे सगळं छर्रा नळीच्या तोंडातून बाहेर पडण्याच्या आत घडतं. म्हणजे तुम्ही नेम धरला तेव्हा बंदूक जिथं होती, तिथं ती छर्रा सुटताना नसते.

म्हणून स्प्रिंगची रायफल घट्ट आवळून धरली तर नेम हमखास बिघडतो. हाताची पकड दर वेळी थोडी वेगळी असते, त्यामुळे बंदुकीचा झटकाही दर वेळी वेगळा जातो. उपाय ऐकायला उलटा वाटतो. पुढचा हात उघडा ठेवायचा, दस्ता तळव्यावर नुसता टेकवायचा, खांद्याला हलकेच लावायचा आणि बंदुकीला हवी तशी हलू द्यायची. ती प्रत्येक वेळी सारखीच हलली की छर्रेही एकाच जागी पडू लागतात. तो पुंजका मध्यावर नसला तरी चालेल. साईट, म्हणजे नळीवरची नेम धरायची खूण, फिरवून तो मध्यावर आणता येतो. विखुरलेले छर्रे मात्र कोणतीही साईट गोळा करू शकत नाही. जत्रेत आपला नेम चुकतो त्यामागे वाकडी साईट असतेच, पण त्याहून जास्त ही पकड असते.

हे सगळं इतकं तपशिलात सांगतोय, कारण माझ्या संग्रहाचा गाभाच यात आहे. बंदुकीमुळे होणारी एकेक चूक कारागिरांनी शोधली आणि काढून टाकली. एअर गनचा इतिहास मला असा दिसतो. शेवटी चुकायला बंदूक उरलीच नाही, उरला तो माणूस.

इतिहास जुना आहे. 1780 च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यानं जिरांदोनी या कारागिराची हवेवर चालणारी रायफल स्वीकारली होती. तिचा दस्ता म्हणजेच हवेची टाकी. वीसेक गोळ्या नळीशेजारच्या मॅगझिनमध्ये भरलेल्या असायच्या आणि एकामागून एक झाडता यायच्या. त्या काळी बाकीचे सैनिक प्रत्येक गोळीसाठी दारू ठासत बसत, हे लक्षात घ्या. पण टाकी भरायला हातपंप हजाराहून जास्त वेळा मारावा लागे, आणि रणांगणावर ते जमणारं नव्हतं. काही दशकांत ती रायफल मागे पडली. अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळायला निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेतही, 1804 ते 1806 या काळात, एक एअर गन सोबत होती आणि वाटेत भेटणाऱ्या लोकांना ती मुद्दाम चालवून दाखवली जाई.

आपल्या हाताला लागू शकतील अशा बंदुका मात्र विसाव्या शतकातल्या. इंग्लंडच्या बीएसए कंपनीनं 1905 च्या सुमाराला एअर रायफली बनवायला सुरुवात केली. वेब्लीचं एअर पिस्तूल 1924 मध्ये आलं. जर्मनीतल्या राश्टाट गावची डायना तर आपल्याकडे इतकी रुजली की जुन्या माणसांच्या तोंडी एअर गन म्हणजेच डायना. जुन्या वाड्यांच्या माळ्यावर, इस्टेटीवरच्या बंगल्यांत यांतलं एखादं पीस अजून सापडतं. आणि एक नाव आपलं, मुंबईचं. वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहातल्या इंडियन ह्यूम पाईप या कंपनीचं मुख्य काम पाण्याचे सिमेंटचे पाईप बनवण्याचं. त्याच कंपनीनं एअर रायफलीही बनवल्या. आयएचपी ही तीन अक्षरं कोरलेली रायफल अनेक भारतीय घरांत पहिली रायफल ठरली. परदेशी नाव नाही म्हणून संग्राहक तिच्याकडे दुर्लक्ष करतात, हे मला पटत नाही. तिचं पॉलिश साधं आहे, पण ती आपल्या कामगारांनी घडवलेली आहे आणि तिच्याबद्दलची माहिती आत्ता टिपून ठेवली नाही तर हरवून जाईल. कुणाच्या घरी अशी रायफल असेल तर ती भंगारात टाकू नका.

आता पुन्हा त्या झटक्याकडे येतो. 1960 च्या दशकात जर्मन कारागिरांनी त्याच्यावर दोन वेगवेगळे तोडगे काढले, आणि दोन्ही हातात घेऊन बघावेत असे आहेत. डायनानं एकाच बंदुकीत दोन पिस्टन बसवले. एक पुढे धावतो त्याच क्षणी दुसरा मागे धावतो आणि दोघांचे झटके एकमेकांना खाऊन टाकतात. फाइनवेर्कबाउ या कंपनीनं दुसरा रस्ता घेतला. त्यांच्या 65 क्रमांकाच्या पिस्तुलात आणि 300 क्रमांकाच्या रायफलीत नळी आणि सिलिंडर रुळांवर बसवलेले आहेत. घोडा दाबला की हा वरचा भाग रुळांवरून मागे घसरतो, तुमच्या हातातला दस्ता जागच्या जागी राहतो. झटका आहे, पण तुमच्यापर्यंत पोचत नाही. जुनं 65 पहिल्यांदा चालवणाऱ्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

त्यानंतर स्प्रिंगच गेली. आधी एका दांड्यानं हवा भरायच्या बंदुका आल्या, मग कार्बन डायऑक्साइडच्या, आणि आता दोनशे बार दाबाच्या हवेची नळकांडी लावलेल्या. आजच्या स्पर्धेतल्या रायफलीचा घोडा दाबला तर एक हलकी टिक ऐकू येते, एवढंच. बंदूक हलत नाही. छर्रा साधारण सेकंदाला 170 मीटर वेगानं जातो आणि दहा मीटर अंतर डोळ्याची पापणी लवायच्या आत कापतो. म्हणजे टार्गेटवर जे छिद्र पडतं, ते तुमचंच.

आणि टार्गेट तरी केवढं? रायफलच्या टार्गेटवरच्या काळ्या वर्तुळाचा व्यास 30.5 मिलिमीटर आणि मध्यावरचा दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर. छर्रा 4.5 मिलिमीटरचा, म्हणजे ज्यावर नेम धरायचा तो ठिपका छर्ऱ्याच्या नऊ पट लहान. उभं राहून, कशाचाही आधार न घेता, साठ शॉट, सव्वा तासात. पिस्तुलाचा दहाचा गोल 11.5 मिलिमीटरचा, मोठा वाटतो. पण पिस्तूल एकाच हातानं, हात लांब करून धरायचं असतं.

एअर रायफल ऑलिंपिकमध्ये 1984 साली आली. 2008 मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्रानं याच प्रकारात सुवर्ण जिंकलं, भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण. अंतिम फेरीत दहाच्या पुढचे दशांशही मोजतात, आणि शेवटच्या शॉटला त्याचे गुण होते 10.8. पण त्याच्या आधी महाराष्ट्रातल्या मुलींनी ही वाट पाडली होती, हे मला आज आवर्जून सांगायचं आहे. अंजली भागवत एनसीसीतून रायफलकडे आल्या आणि 2000 साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या. सुमा शिरूर यांनी 2004 मध्ये आशियाई स्पर्धेत चारशेपैकी चारशे गुण केले, म्हणजे चाळीसच्या चाळीस शॉट दहाच्या ठिपक्याला. आणि 2022 मध्ये कैरोला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील एअर रायफलचा जगज्जेता झाला. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि स्वप्निल कुसाळे यांची मोठी पदकं पॉइंट टू टूच्या, म्हणजे दारूची काडतुसं वापरणाऱ्या बंदुकांच्या प्रकारांतली. पण नेमबाजीची बाराखडी आज जवळपास प्रत्येक जण दहा मीटरवर, छर्ऱ्यावरच गिरवतो.

नाशिकचे भीष्मराज बाम यांचं नाव इथं घ्यायलाच हवं. पोलीस सेवेत मोठ्या पदांवर काम केलेल्या या माणसानं खेळाडूंच्या मनाचा अभ्यास केला आणि योगातलं श्वासाचं, एकाग्रतेचं शास्त्र रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, आणलं. अनेक मोठ्या नेमबाजांना त्यांचं मार्गदर्शन लाभलं. रेंजवर उभं राहिलं की ते किती गरजेचं होतं हे लगेच कळतं. पाच किलोच्या आसपासची रायफल, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवलेलं, वजन स्नायूंवर न घेता हाडांवर घेतलेलं. मागच्या साईटच्या बारीक भोकातून पुढच्या साईटची कडी दिसते आणि त्या कडीच्या आत काळा गोल. तो गोल कधीच स्थिर नसतो. त्यात तुमचा श्वास दिसतो, नाडीचा ठोकासुद्धा दिसतो. श्वास अर्धा सोडून थांबायचं, सहा-आठ सेकंदांत शॉट सुटायला हवा. त्याहून उशीर झाला की डोळा थकतो आणि मन घाई करू लागतं. अशा वेळी घोड्यावरचं बोट काढून रायफल खाली घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. माझ्या मते या खेळातली सगळ्यात अवघड गोष्ट ही रायफल खाली घेण्याची आहे. इतका वेळ धरली आहे तर आता सोडूनच टाकू, हा मोह फार मोठा असतो. मुलांना शिकवताना मी दहा गुणांचं कौतुक करतो, पण वेळेवर रायफल खाली घेणाऱ्या मुलाचं जास्त करतो.

आता एक गोष्ट अगदी स्पष्टपणे. एअर गन पक्ष्यांसाठी नाही. मुंबईत खेतवाडीत राहणाऱ्या एका मुलानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एअर गननं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. नेहमीच्या चिमणीला तसा डाग नसतो, म्हणून तो ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथल्या मिलार्ड साहेबांनी त्याला पक्ष्यांनी भरलेली कपाटं दाखवली. तो मुलगा म्हणजे सालिम अली. ही गोष्ट सांगून काही जण छर्ऱ्यांच्या शिकारीचं समर्थन करतात, आणि मला त्याचा राग येतो. तो काळ वेगळा होता. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर पक्षी मारणं हा गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी झाडावर बसलेल्या बुलबुलावर छर्रा झाडण्यात कसलाही नेम सिद्ध होत नाही. अरुणाचल प्रदेशात 2021 पासून गावागावांतल्या लोकांनी आपणहून एअर गन सरकारकडे जमा केल्या, जंगलातले पक्षी वाचावेत म्हणून. आपण कागदावर नेमबाजी करणाऱ्यांनी त्यांना मनापासून दाद द्यायला हवी.

घरी सराव करायचा असेल तर थोडं ऐका. भारतात 4.5 मिलिमीटरपर्यंत बोअरच्या, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाच्या, आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर गनला शस्त्र परवाना लागत नाही. त्याहून मोठीला लागतो. बिल जपून ठेवा आणि विकत घेण्याआधी नियम एकदा पोलीस ठाण्यात विचारून घ्या. परवाना नाही याचा अर्थ खेळणं आहे असा मुळीच नाही. छर्रा काही शे मीटर जाऊ शकतो आणि डोळा कायमचा घालवू शकतो. म्हणून टार्गेटच्या मागे जाड लाकडी खोका, त्यात घट्ट दाबून भरलेल्या चिंध्या, त्याच्या मागे लोखंडी पत्रा आणि त्याच्याही मागे भिंत हवी. मागे दार किंवा खिडकी असेल तर ती जागा सोडून द्या. सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मा हवा. स्प्रिंगच्या बंदुकीत छर्रा घालताना एका हातानं नळी धरून ठेवा. खटका घसरला तर नळी बोटांवर उसळते. अशी बंदूक छर्रा न घालता कधी उडवू नका, कारण हवेचा अडथळा नसला की पिस्टन धातूवर आदळतो. आणि ताणलेली ठेवून तर मुळीच जाऊ नका. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा सराव झाल्यावर हात साबणानं धुवा, मग खायला बसा.

जुनी बंदूक विकत घेताना नळी मोडून बघा. सांधा सैल असेल, नळी डावी-उजवी हलत असेल तर किंमत कितीही कमी असो, मी घेत नाही. स्प्रिंग थकलेली असेल तर बदलता येते. पिस्टनचा चामड्याचा वॉशर सुकला असेल तर तोही नवा कापून घेता येतो, आणि पुढे अधूनमधून सिलिकॉन तेलाचा एखादा थेंब त्याला पुरतो. साधं मशीनचं तेल आत गेलं की दाबलेल्या हवेत ते पेट घेतं, मोठा आवाज होतो, धूर येतो. लोक खूश होतात की बंदूक जोरदार आहे, पण आतून वॉशर जळत असतो. वरचं काळं पॉलिश घासून चकचकीत करू नका. जुन्या हातांच्या खुणा त्या बंदुकीवरच राहू द्या.

बंदूक न घेताही सुरुवात करता येते. मोठ्या शहरांत रायफल क्लब आहेत. पुण्याजवळ बालेवाडीच्या क्रीडानगरीत रेंज आहे, मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. बऱ्याच क्लबांत सरावाची रायफल क्लबकडूनच मिळते. कॉलेजातल्या मुलामुलींनी एनसीसीच्या अधिकाऱ्यांना विचारावं. पहिले काही आठवडे गुण मोजूच नका. छर्रे एकमेकांजवळ पडतायत का एवढंच बघा, आणि टार्गेटच्या प्रत्येक कार्डाच्या मागे तारीख, बंदुकीचं नाव आणि छर्ऱ्याचा प्रकार लिहून ठेवा. 4.49 आणि 4.50 मिलिमीटरचा छर्रा एकाच नळीतून वेगळा वागतो, आणि आपल्या नळीला कोणता मानवतो हे ती कार्डंच सांगतात.

नमस्कार.