सबसिडीतला ‘सब’

(दृश्य: मालवण, दांडीचा किनारा. धो धो पाऊस.)

पावसाळी मासेमारी बंदी. होड्या वर ओढून, झापांनी शाकारून ठेवल्यात. एका होडीच्या पोटाला दोन्ही बाजूंनी लाकडी टेकू दिलेत आणि तिच्या आडोशाला एक आजोबा फाटलेलं जाळं विणत बसलेत. छत्रीतून जाणारा एक जण थबकतो.

“आबानू, सबसिडी गावली काय?”

आबा मान वर करत नाहीत. “अजून खंय!”

सबसिडी. कोकणात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पण त्यातला ‘सब’ कुठला?

तो लॅटिन. अर्थ ‘खाली’ किंवा ‘हाताखालचा’. सबमरीन समुद्राखालून जाते, सब-इन्स्पेक्टर इन्स्पेक्टरच्या हाताखाली असतो. सरकारी मराठीने या साहेबाला ‘उपनिरीक्षक’ केलं, आणि नकळत ‘सब’ला त्याच्या भावाच्याच घरी नेऊन सोडलं. कारण संस्कृत ‘उप’, ग्रीक ‘हायपो’ आणि लॅटिन ‘सब’ ही एकाच मुळाची पोरं. लॅटिनमध्ये सुरुवातीला एक ‘स’ चिकटला आणि ‘प’चा ‘ब’ झाला, एवढाच फरक. ‘उपरि’चंही तेच: ग्रीकात हायपर, लॅटिनमध्ये सुपर, आणि प्राकृतातून झिजत मराठीत आलं ते आपलं साधं ‘वर’. सुपर म्हणजे वर!

संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका उगमाच्या असाव्यात, हे विल्यम जोन्स यांनी 1786 साली कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत बोलून दाखवलं होतं.

या ‘सब’ला संधीही आपल्यासारखाच होतो. ‘सत्’ आणि ‘जन’ मिळून जसा सज्जन, तसा ‘सब’ आणि ‘पोर्तारे’, म्हणजे वाहून नेणं, मिळून सपोर्ट. खालून भार घेणं. होडीखालचा तो टेकू बघा, शब्दाचा अर्थच उभा आहे तिथे.

या व्हिडिओखालचं सबस्क्राइबचं बटणही त्याच घराण्यातलं. ‘स्क्रिबेरे’ म्हणजे लिहिणं. सबस्क्राइब म्हणजे दस्ताच्या तळाशी सही ठोकणं. दाबायचं की नाही, तुमची मर्जी.

आता आबांची सबसिडी. ‘सब’च्या पुढे आहे ‘सेदेरे’, म्हणजे बसणं. हाच संस्कृतातला ‘सद्’ धातू. उप, नि आणि सद् एकत्र आले की होतं उपनिषद: गुरूजवळ खाली बसणं. म्हणजे तालुक्याच्या कचेरीत अर्जावर लिहिला जाणारा शब्द उपनिषदाचा चुलतभाऊ निघाला. आबांना हे सांगितलं, तर ते हसले फक्त.

रोमन सैन्यात ‘सबसिडियम’ म्हणजे मागची राखीव फळी. तिसऱ्या रांगेत जुनेजाणते सैनिक असत. पुढच्या दोन फळ्या लढत असताना हे एक गुडघा टेकून, ढाल खांद्याला लावून बसून राहत. पुढचे हटले की मग हे उठत. त्यावरून शब्दाला ‘मदत’ हा अर्थ आला, आणि पुढे ‘पैशाची मदत’.

(दृश्य: पुन्हा दांडी. आबांच्या हातातली सुई जाळ्यातून आत-बाहेर.)

रोमात वाट बघत बसायची ती सबसिडी. इथे आबा बसलेत.