गच्चीवरचे चौघे

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो,

आजच्या व्याख्यानाचा विषय निमंत्रणपत्रिकेत ‘ऐकावे जनाचे’ एवढाच छापला गेला आहे. म्हणीचा उरलेला भाग जागेअभावी गळला, असे संयोजक सांगतात. माझी तक्रार नाही, कारण एरवी आपण सगळेच पुढचे ‘करावे मनाचे’ तेवढे लक्षात ठेवतो आणि आधीचे विसरतो. लोकांच्या मताला भीक न घालता जगावे, हे मला मान्यच आहे. पण त्यासाठी कान बंद करावे लागतात की नाही, एवढा एकच प्रश्न मला संततिनियमनाचे प्रचारक र. धों. कर्वे यांच्या आधाराने तपासायचा आहे.

त्याआधी कुरडया. आमच्या घरी त्या मी करतो. मी शाळेतून निवृत्त झालो, पत्नीला बँकेतून मार्चअखेर उसंत मिळत नाही, आणि आईच्या मागे तिचा सोऱ्या माळ्यावर पडून होता, एवढाच त्यामागचा इतिहास आहे. गहू तीन दिवस भिजत घालून रोज पाणी बदलायचे, चौथ्या दिवशी ते वाटून चीक काढायचा, तो रात्रभर नितळू द्यायचा आणि सकाळी वरचे पाणी ओतून टाकून उरलेला घट्ट चीक उकळत्या मिठाच्या पाण्यात गुठळी होऊ न देता घोटायचा. मग हात भाजत असतानाच सोऱ्या फिरवायचा. पहिल्या वर्षी हा सारा सरंजाम घेऊन मी सकाळी सात वाजता सोसायटीच्या गच्चीवर गेलो. ‘चारचौघांत’ असे आपण म्हणतो ना, तेथे खरोखरच चौघे होते, मी मोजले. पाण्याची टाकी बघायला आलेल्या गृहस्थांनी “वहिनी बऱ्या आहेत ना?” अशी काळजीने चौकशी केली. फेऱ्या मारणाऱ्या दोन निवृत्त अधिकाऱ्यांनी, जणू काही मी आंघोळच करीत होतो, अशा संकोचाने तोंडे फिरवली. चौथ्या होत्या समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू. त्या म्हणाल्या, “सर, चीक कच्चा राहिलाय. वाळल्यावर तुकडे पडतील.”

आपण कोणाची पर्वा करीत नाही, हे दाखवण्याच्या भरात मी काकूंनाही त्या तिघांच्याच रांगेत बसवले आणि सोऱ्या फिरवीत राहिलो. तिसऱ्या दिवशी कुरडयांचा भुगा डब्यात भरला. पुढच्या वर्षापासून मी पहाटे पाचलाच गच्ची गाठू लागलो. उन्हाच्या आत काम उरकावे, हे मी घरी सांगितलेले कारण; त्या वेळी वर कोणी नसते, हे खरे कारण. तिघांना टाळण्याच्या नादात काकूही टळल्या, आणि चीक शिजला की नाही, हे तेव्हापासून मी एकटाच ठरवतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटे उरली आहेत. तेव्हा कर्व्यांकडे धावतच जावे लागेल. त्यांचे वडील महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड या गावच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. म्हणजे लोक काय म्हणतात, हे घरात ठाऊकच होते. मुलाने १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्या कामापायी गणिताची प्राध्यापकी गमावली, आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. त्यांनी आणि पत्नी मालतीबाईंनी स्वतःला मूल होऊ द्यायचे नाही, असे ठरवून ते पाळले. यावर चौघांनी काय म्हटले असेल, ते मी सांगायला नको.

एवढा बेपर्वा मनुष्य कानांनी मात्र पक्का होता. जे प्रश्न लोक घरात तोंडातून काढू शकत नव्हते, ते वाचक त्यांना लिहून पाठवीत आणि कर्वे अंकातून सरळ, शास्त्राला धरून उत्तरे देत. शिव्या देणारे आणि अडचण सांगणारे यांच्यात, मला गच्चीवर जमली नाही ती निवड, त्यांना जमत होती. त्यांच्यावर तीनदा खटले झाले. १९३४ चा खटला तर वाचकांना दिलेल्या या उत्तरांवरूनच झाला, डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी दंड झालाच. त्यानंतरही मासिक १९५३ मध्ये कर्व्यांचे निधन होईपर्यंत निघत राहिले.