काचेच्या मण्यांतलं हरीण

(दृश्य: नारा, जपान. सकाळ. उद्यानात हरणांचा कळप.)

या गावात हजाराहून जास्त हरणं मोकळी फिरतात. उन्हाळ्यात अंगावर आपल्या चितळासारखे ठिपके. कासुगा देवस्थानाचा देव पांढऱ्या हरणावर बसून इथे आला, अशी श्रद्धा आहे. म्हणून हरीण म्हणजे देवाचा दूत. हात पुढे केला तर त्याच्या नाकाला लागेल, इतकं ते जवळ आहे. पण हातांत काय आहे बघा.

(दृश्य: हरणासमोर धरलेले मोबाइल.)

(दृश्य: न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन संग्रहालय. शिल्प, लांबून.)

हे दुसरं हरीण. ‘पिक्ससेल-डिअर क्रमांक २४’, २०११. शिल्पकार कोहेई नावा, जन्म ओसाका, १९७५. पिक्सेल म्हणजे पडद्यावरच्या चित्राचा ठिपका, सेल म्हणजे पेशी. दोन्ही मिळून पिक्ससेल.

नावा प्राणी शोधतात इंटरनेटवरच्या लिलावात. शब्द टाकायचा, की पेंढा भरलेल्या प्राण्यांचे फोटो समोर. आवडला त्यावर बोली लावायची. पडद्यावर त्या जनावराला वजन नसतं, वास नसतो. घरी आलेलं खोकं उघडलं की दोन्ही असतं. नावांचं काम इथून सुरू होतं.

(दृश्य: मणी, अगदी जवळून.)

मग त्या कातडीवर पारदर्शक मणी बसवत जायचं. काही वाटाण्याएवढे, काही मुठीहून मोठे. पाय, पोट, मान, थेट शिंगांच्या टोकापर्यंत. प्रत्येक मणी म्हणजे एक भिंग. या मण्यात केसांचा पुंजका फुगून मोठा दिसतो, शेजारच्यात तोच वाकतो. जवळ जाल तसं हरीण हरवतं, उरतात नुसते गोल. चार पावलं मागे आलात की ते पुन्हा उभं. मोबाइलवरचा फोटो बोटांनी ताणून मोठा करताना हेच होतं.

मान वळवून उभं राहण्याची त्याची ढब जुन्या कासुगा चित्रांतल्या हरणाची आठवण करून देते. त्या हरणाच्या पाठीवर खोगीर असतं, त्यावर साकाकी या पवित्र वृक्षाची फांदी आणि फांदीवर आरसा. देव दिसायचा तो आरशात. इथे सगळं अंगच काचेचं आहे, आणि काचेखाली खरी कातडी. तिला आता कुणाचा हात लागत नाही.

लिलावाच्या फोटोत रान नसतं. हे हरीण कुठे चरत होतं, कसं मेलं, तेही नसतं.

(कॅमेरा शिल्पाभोवती सावकाश फिरतो. निवेदन नाही. दालनातल्या पावलांचे आवाज.)