आल्बी : तार्नकाठचे विटांचे शहर

दक्षिण फ्रान्समधील आल्बी शहरात वाटाड्याशिवाय हिंडायचे असेल, तर कॅथीड्रलच्या चौकातून सुरुवात करण्याचा मोह आवरावा आणि आधी तार्न नदीच्या उजव्या तीरावर, मादलेन वस्तीच्या बाजूला येऊन उभे राहावे. पलीकडच्या उंच काठावर जे काही दिसते, ते जवळजवळ सगळे भाजलेल्या मातीचे आहे. बिशपचा वाडा विटांचा, नदीकडची घरे विटांची आणि या सर्वांच्या माथ्यावर उभे असलेले सेंट सेसिलचे कॅथीड्रलही विटांचेच. नदीखोऱ्यात चिकणमाती मुबलक होती, म्हणून शहराला हा रंग आला. मात्र एवढ्या प्रचंड भिंती उभारण्याची गरज कोणाला आणि का वाटली, याचे उत्तर मातीत सापडत नाही.

नदी ओलांडायची ती जुन्या पुलावरून. इ. स. १०४०च्या सुमारास बांधलेला हा पूल मुळात दगडी. त्यावरचे विटांचे आवरण नंतरचे. सुमारे दीडशे मीटर लांबीच्या या पुलावर एके काळी घरे होती आणि जकातही घेतली जाई. घरे अठराव्या शतकात गेली. पूल मात्र अजून वापरात आहे.

पुलावरून वर चढताना बेर्बी वाडा लागतो. स्थानिक ऑक्सितान भाषेत बिशपच्या निवासाला जो शब्द होता, त्याचेच हे बदललेले रूप. जाड भिंती आणि बुरूज पाहून हा धर्मगुरूचा वाडा आहे की किल्ला, असा प्रश्न पडतो आणि तो रास्तच आहे. १९२२पासून येथे आल्बीतच जन्मलेल्या चित्रकार तुलूज-लोत्रेकचे संग्रहालय आहे. त्यासाठी वेगळा अर्धा दिवस राखून ठेवावा. आजच्या फेरीत ते बसणार नाही.

आता कॅथीड्रल. तेराव्या शतकाच्या आरंभी याच प्रदेशातील काथार या, चर्चने पाखंडी ठरवलेल्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांविरुद्ध रोमच्या पोपने युद्ध पुकारले. ते १२०९ ते १२२९ असे वीस वर्षे चालले आणि आल्बीच्या नावावरून इतिहासात ‘आल्बीवाद्यांविरुद्धचे धर्मयुद्ध’ म्हणून नोंदले गेले. युद्ध संपले तरी संशय संपला नाही. १२८२मध्ये बिशप बेर्नार द कास्ताने याने या इमारतीचे काम सुरू केले, तेव्हा तो पाखंड्यांचा शोध घेऊन शिक्षा करणाऱ्या धर्मन्यायालयाचा कठोर माणूस म्हणून ओळखला जात होता आणि शहरातील प्रतिष्ठित नागरिकांनाही त्याने पुढे पाखंडाच्या आरोपाखाली तुरुंगात टाकले. हे लक्षात घेऊन या भिंतींकडे पाहावे. खाली एकही मोठी खिडकी नाही. वर अरुंद, उंच फटींसारखी तावदाने आहेत. भिंतीला टेकू देणारे खांब अर्धगोल बुरुजांसारखे आहेत. आणि घंटाघर ७८ मीटर उंच आहे. प्रार्थनेला बोलावण्यापेक्षा दरारा बसवण्याचाच हेतू येथे मोठा असावा, असे मला वाटते.

आत पाऊल टाकताच मात्र आपला अंदाज चुकतो. भिंती आणि छत रंगांनी भरलेले आहे. छतावरची निळ्या-सोनेरी चित्रे १५०९ ते १५१२ या काळात इटलीतून आलेल्या चित्रकारांनी काढली. पश्चिमेकडच्या भिंतीवर पंधराव्या शतकाच्या अखेरीचे ‘अंतिम न्याया’चे विशाल चित्र आहे. त्यात पुण्यवान आहेत, पापी आहेत, नरकयातना तर फारच बारकाईने रंगवल्या आहेत. पण निवाडा करणारा ख्रिस्तच नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस मागच्या प्रार्थनागृहाकडे जाण्यासाठी भिंत फोडली गेली आणि चित्राचा नेमका मधला भाग नाहीसा झाला.

चौकातून थोडे पुढे, घरांच्या रांगेमागे सेंट साल्वीचे चर्च दडलेले आहे. रस्त्यावरून ते चटकन दिसत नाही. एका अरुंद वाटेने त्याच्या शांत, स्तंभांनी वेढलेल्या अंगणात शिरावे लागते. या चर्चचा खालचा भाग दगडी आणि वरचा विटांचा आहे, कारण मध्येच धर्मयुद्धामुळे काम थांबले आणि पुन्हा सुरू झाले तेव्हा बांधकामाची रीत बदललेली होती. त्या सांध्यापाशी दोन मिनिटे थांबावे. शहराचा तो सगळा काळ तिथे एका आडव्या रेषेत उभा आहे.

शेवटच्या गल्ल्यांत रेनेस कुटुंबाचा वाडा आहे. हे पास्तेलचे व्यापारी होते. पास्तेल म्हणजे पिवळ्या फुलांची एक वनस्पती. तिची पाने भरडून, त्यांचे गोळे वळून वाळवत आणि पुढे आंबवून निळा रंग काढत. पंधराव्या-सोळाव्या शतकांत या रंगाने तुलूज आणि आल्बीच्या व्यापाऱ्यांना श्रीमंत केले; विटांमध्ये दगडी नक्षी बसवलेले असे वाडे त्याच पैशातून उभे राहिले. पुढे भारतातील नीळ पोर्तुगीज जहाजांतून युरोपात येऊ लागली. तेवढ्याच वजनाच्या पास्तेलपेक्षा ती कितीतरी अधिक रंग देई. त्यातच १५६२पासून फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात धर्मयुद्धे पेटली. १६०९मध्ये राजा चौथ्या हेन्रीने निळीच्या वापराला देहदंडाची शिक्षा फर्मावली, पण तोवर पास्तेलच्या पेढ्या बसल्या होत्या.